हिरवा रंग आणि हिरवी पूड

प्रश्न : कोकणात समुद्राकाठच्या आमच्या मूळ गावी स्मारकात तीन वर्षांपूर्वी ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा बसवला. त्याच साच्यातला दुसरा इथे नाशिकला आमच्या वसाहतीत आहे, तो अजून छान तपकिरी आहे. गावच्या पुतळ्यावर मात्र हिरवे डाग पडलेत. चिंच-मीठ लावून घासावा का?

उत्तर : चिंच-मीठ मुळीच नको. पुतळ्याला बाधलंय ते मीठच! नाशिकच्या हवेत ते नाही. किनाऱ्यावर वाऱ्यासोबत खारे तुषार येऊन धातूवर बसतात.

आधी डाग बघा. काडीने खरवडून निघत नाही असा गडद, घट्ट हिरवा थर असेल तर काळजी नको, तो धातूला राखतो. फिकट हिरवी पूड बोटाला लागली तर मात्र तो रोग. मिठातला क्लोराइड ब्राँझमधल्या तांब्याला धरतो, दमट हवेत त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते पुन्हा तांबं खातं. वरवर पुसून हे चक्र थांबत नाही. पूड असेल तर धातू-संवर्धन करणाऱ्यालाच बोलवा.

एरवी मे महिन्यात आणि ऑक्टोबरात, म्हणजे पावसाच्या दोन्ही टोकांना, गोड्या पाण्याने धुवा. बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण, मऊ ब्रश, घड्यांमध्ये आणि पायांच्या खाचांत जरा जास्त वेळ. विहिरीचं पाणी खारट असेल तर वापरू नका. पूर्ण वाळल्यावर, ऊन लागून धातू कोमट झाला की मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून बनणारं, अगदी बारीक स्फटिकांचं मेण) पातळ हात द्या आणि सुती कापडाने चोळा. मेण जाड लागलं तर धूळ चिकटते.

तांबूस ओघळ दिसले तर मात्र गोष्ट गंभीर. ते ब्राँझचे नाहीत, आतल्या लोखंडी सांगाड्याचे आहेत. खारं पाणी मध्ये आलं की ब्राँझला टेकलेलं लोखंड झपाट्याने गंजतं, फुगतं आणि सांधे उकलतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, त्याच्या काही दिवस आधीच नटबोल्ट गंजल्याचं लेखी कळवलं गेलं होतं. सांगाडा आणि बोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे हवेत (304 प्रतीच्या स्टीलला किनाऱ्यावर खड्डे पडतात) आणि दोन धातूंमध्ये नायलॉनचे वॉशर हवेत. पुतळ्याच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात. चौथऱ्याला रंग देताना ती हमखास बुजवली जातात, तेवढी तारेने मोकळी करून घ्या.