रोल संपवायला काढलेले फोटो

बडोदे

चि. मुली, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आजी गेल्याचं बाबांकडून कळलं होतंच. पण तसबिरीसाठी फोटो सापडेना, म्हणून दहाव्याच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून तुला आजीचा चेहरा कापून काढावा लागला, हे वाचलं आणि चष्मा काढून जरा वेळ नुसता बसून राहिलो. तेव्हापासून कॅमेरा हातात घेववत नाही, फोटोचं दुकानही बंदच आहे, असंही तू लिहिलंयस.

रावपुऱ्यातल्या आमच्या दुकानात हे काम मी चाळीस वर्षं करतोय. पासपोर्ट फोटोला माणूस स्वतः येतो. तसबिरीच्या फोटोला त्याचा मुलगा येतो नाहीतर जावई, काखेत जुना अल्बम घेऊन. पान उघडून बोट ठेवतो, ‘ही. एवढीच मोठी करून द्या.’ मग शेजारच्याचा खांदा पुसायचा, पदर सारखा करायचा, मागे फिकट निळा रंग भरायचा. सुरुवातीला एका बाईंच्या हनुवटीवरचा तीळ मी डाग समजून पुसून टाकला. घरच्यांनी तसबीर नेली, हारही घातला. दुसऱ्या दिवशी धाकटी मुलगी ती घेऊन परत आली. ‘काका, ही आई वाटत नाही,’ एवढंच म्हणाली. मी तीळ परत आणला. तेव्हापासून चेहऱ्यावरचं काहीही पुसण्याआधी घरच्या माणसाला विचारतो. तूही विचारत जा.

आता घरचं सांगतो. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालावा लागायचा, तो ३६ फोटोंचा असायचा. लग्न उरकून रात्री दांडिया बाजारातल्या वाड्यावर यायचो तेव्हा दोन-तीन फ्रेम उरलेल्या असायच्या. सकाळी रोल लॅबला द्यायचा, आणि उरलेली फिल्म तशीच धुवायला द्यायला जीव व्हायचा नाही. मग समोर दिसेल त्याचा फोटो काढून रोल संपवायचा. समोर माझी आई असायची. माझं पान वाढताना, नाहीतर हिवाळ्यात पुढ्यात सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलताना. ‘अरे, माझा कसला काढतोस, फिल्म फुकट जाईल,’ म्हणायची. ‘रोल संपवायचाय गं,’ म्हणून मी बटण दाबायचो.

दिवाळी-गणपतीला मांडून काढलेले फोटो आमच्याकडे ढिगानं आहेत. त्यात आई कडेला तरी असते, नाहीतर नसतेच, कारण ती स्वयंपाकघरात. वाडा बिल्डरला दिला तेव्हा शेवटच्या दिवशी मी रिकाम्या वाड्याचे तीन रोल काढले, ट्रायपॉड लावून, उजेड बघून. ते मी फारसे उघडत नाही. जिन्याच्या कठड्यावर वाळणारा पंचा, दाराआड ठेवलेली दुधाची पातेली, बंबाच्या धुरानं काळवंडलेला कोपरा, हे सगळं त्या रोल संपवायच्या फोटोंत आहे. आमचं घर तिथेच राहिलंय, परक्यांच्या लग्नांच्या शेवटी.

तुझ्या फोनचा रोल संपतच नाही. म्हणून तुला हे ठरवून करावं लागेल. कामावरून आलीस की कॅमेरा बॅगेत टाकण्याआधी घरातले दोन फोटो काढ. कुणाला ‘इकडे बघा’ म्हणू नकोस, पसारा आवरू नकोस. आणि महिन्यातून एकदा त्यातले चार तरी छापून आण.

छापलेलंही जपावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये इथली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या निगेटिव्हच्या ट्रंका खालच्या मजल्यावर होत्या. पाणी ओसरल्यावर मी घाबरून सगळं गच्चीवर उन्हात पसरलं. ती माझी मोठी चूक. ओली फिल्म म्हणजे फुगलेलं जिलेटिन. ती प्लास्टिकच्या पाकिटातच सुकली की पाकिटाला चिकटते, आणि ओढलीस की चित्र पाकिटाबरोबर निघून येतं. कधी अशी वेळ आलीच तर भिजलेलं ओलंच राहू दे. परातीत स्वच्छ गार पाणी घे, पाण्यातच हलक्या हातानं सोडव, चित्राच्या बाजूला बोट लावू नकोस, मग सावलीत दोरीवर टांग. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट पाण्यात ठेव. दोन दिवसांत हात पुरणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाक, बुरशी थांबते. हे मी शिकलो तोवर निम्म्याहून जास्त फिल्म गेली होती. बाकी बायकोनं आणि मी रात्री जागून सोडवली.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांना मी मानतो, त्या शेवटची कित्येक वर्षं आपल्याच बडोद्यात होत्या, २०१२ साली गेल्या. १५ ऑगस्ट १९४७ त्यांनी कॅमेऱ्यात धरला. ३० जानेवारी १९४८ ला मात्र गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघालेल्या असताना नवऱ्यानं हाक मारली म्हणून त्या मागे फिरल्या, आणि ती संध्याकाळ हुकल्याची खंत त्यांना कायम राहिली. एवढ्या मोठ्या हातूनही निसटतं, पोरी. आजीचा फोटो राहिला म्हणून स्वतःला इतकं दोषी धरू नकोस. १९६९ मध्ये नवरा गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी काम थांबवलं, पण तेव्हा मागे तीसेक वर्षांचं काम उभं होतं. तुझं आत्ता कुठे सुरू झालंय. सोमवारी दुकान उघड. पहिलं गिऱ्हाईक पासपोर्टचंच असेल, त्याची कॉलर नीट कर, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांग. हात आपोआप चालायला लागतील.

आजीचा तो कापलेला फोटो मला पाठव, आणि त्याबरोबर मूळ ग्रुपही. ग्रुप टाकून देऊ नकोस. तिच्या शेजारी कोण उभं आहे हे सांगणारी माणसं अजून आहेत, त्यांना विचारून सगळ्यांची नावं लिहून ठेव. बॉलपेन दाबून लिहू नकोस, पुढे वळ उमटतात. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते.

सोबत माझ्या आईचा एक फोटो पाठवतोय, शेंगा सोलतानाचा. निगेटिव्हच्या कडेला ३६अ आकडा आहे, म्हणजे रोलच्या अगदी शेवटचा, एक कोपरा पुरात गेलाय. तुझ्याकडे एक प्रत असू दे. मागे आईचं नाव लिहिलंय. साल पक्कं आठवत नाही, म्हणून ते लिहिलेलं नाही. घरच्या अल्बममधून लागलं की कळवतो, तूच लिही.

तुझा,
काका