एनसीला एफआयआर म्हणता येत नाही

कोर्टनाका, ठाणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. न्यू जर्सीतल्या त्या एजंटाच्या सांगण्यावरून, अमेरिकेत आश्रय (असायलम) मागायला तू मागच्या तारखेचा एफआयआर आणि पक्षाच्या लेटरहेडवर पत्र मागितलंस. दोन्ही मिळणार नाही. बत्तीस वर्षं मी इथे कागदांची भाषांतरं केली, कागद बनवले नाहीत. आणि ज्या पक्षाचा त्याने तुला कार्यकर्ता केलाय, त्याच्या शाखेत तू कधी चहालाही गेला नव्हतास.

रागावलेलो नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ जण बेड्या घालून अमृतसरला आणले, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. ते व्हिडिओ अजून कुणी ना कुणी तुझ्या आईला फॉरवर्ड करतं आणि ती फोन घेऊन माझ्याकडे येते. म्हणून हे सविस्तर.

मेसेजभर तू कर्जाबद्दल लिहिलंस. सावकार दारात येऊन बसतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तिथल्या आश्रयाच्या कायद्यात छळाची कारणं पाचच: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गट. कर्जाचा तगादा यात बसत नाही. आणि शेवटी एका ओळीत तू उरकलंस की रजिस्टर लग्न केल्यावर बायकोच्या भावांनी जात काढून मारलं, डोक्याला सात टाके पडले. एजंट म्हणाला, हे घरगुती आहे, सोड. अरे, वकिलापुढे पहिल्यांदा मांडायची गोष्ट तीच आहे! लाज वाटते म्हणून तू ती तळाला टाकलीस.

त्यावर जिंकशीलच असं समजू नकोस. सरकारने संरक्षण दिलं नाही किंवा देऊ शकलं नाही, हे तुला दाखवावं लागेल. तुझ्याकडे आहे ती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, जिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. तिचं भाषांतर मी एनसी असंच करणार. सात टाके पडूनही चौकीवर एनसीवरच बोळवण झाली, यातच कदाचित तुझा मुद्दा असेल. ते वकील ठरवेल. दुसरा प्रश्न भारतातून आलेल्याला हमखास विचारतात: ठाण्यात धोका होता तर कोचीला, इंदूरला का नाही गेलास? तुझी बायको नाशिकला मावशीकडे राहते. हे लपवू नकोस. उलटतपासणीत निघण्यापेक्षा वकिलाला आज कळलेलं बरं.

एजंटाची गोष्ट का नको, तर जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं न्यायाधीशाने ठरवलं, की तिथल्या इमिग्रेशनच्या जवळजवळ सगळ्या सवलती कायमच्या बंद होतात. पुढे खरी गोष्ट सांगायलाही जागा उरत नाही.

तुझा एजंट नोटरी आहे म्हणून तुझा विश्वास बसला. आपल्याकडे नोटरी म्हणजे बहुधा दहाएक वर्षं वकिली केलेला माणूस. तिथे नोटरीला कायदा यावाच लागतो असं नाही, शिक्का असला की झालं. वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी गाठ. तिथल्या इमिग्रेशन कोर्टात आपल्या लीगल एडसारखा सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. धर्मादाय संस्था कमी पैशात किंवा फुकट काम करतात, त्यांच्याकडे रांगा असतात, म्हणून आजच नाव घाल.

आता तारखा. आश्रयाचा अर्ज आल्यापासून एका वर्षात करायचा, अपवाद मोजके. तुला तिथे जाऊन नऊ महिने झाले. दुसरीकडे, व्हिजिटर व्हिसावर मिळालेले सहा महिने संपून तीन झाले. मुदतीनंतर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर पडलास तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष उलटलं तर दहा. म्हणजे अर्ज करायची आणि बंदीशिवाय परतायची, दोन्ही मुदती जवळपास एकाच आठवड्यात संपतात. परतण्याचाही विचार वकिलासमोर बसून कर, त्यात कमीपणा नाही. सावकाराचं आपण इथे बघू.

रूममेट सांगतो ते 'इथे दहा वर्षं काढ, मग हद्दपारीतून सुटशील' तुझ्यासाठी नाही. त्यात नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले आईवडील, जोडीदार वा मूल लागतं, आणि तुझं तिथे कुणीच नाही. वर्षाची मुदत चुकली तर एक धाकटा मार्ग उरतो, देशात परत न पाठवण्याचा. पण त्यात पुरावा जास्त लागतो, ग्रीन कार्ड मिळत नाही आणि बायकोला नेता येत नाही.

एक माझी चूक सांगतो. एका मुलाच्या पंचनाम्यावरची ५-६ ही तारीख मी इंग्रजीतही तशीच आकड्यांत ठेवली. अमेरिकेत महिना आधी लिहितात. तो तोंडी जून म्हणाला, कागद मे म्हणाला. असल्या किरकोळ विसंगतीवरूनही माणूस खोटा ठरवायची मुभा तिथल्या न्यायाधीशाला २००५ च्या कायद्याने दिली आहे. त्याच्या वकिलाने कसंबसं सावरलं. मला महिनाभर झोप नव्हती. तेव्हापासून महिना अक्षरी लिहितो.

तुझ्या आईकडून केसपेपर, एनसीची प्रत आणि शाळा सोडल्याचा दाखला घेतलाय. दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, गुरुजींनी टाकलेली दिसते. पासपोर्टवर काय आहे, ते रात्री कळव.

तुझा,
काका