'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही मालिका कोणत्या क्रमाने वाचावी?

डग्लस ॲडम्स यांची ही विनोदी विज्ञानकथांची मालिका प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७९ चे पहिले पुस्तक १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवर सुरू झालेल्या श्रुतिकामालिकेवरून लिहिलेले असून ते कथानकाच्या ऐन मध्यावर थांबते. म्हणून १९८० चे 'द रेस्टॉरंट ॲट द एंड ऑफ द युनिव्हर्स' लगेच हाती घ्यावे. त्यानंतर १९८२ चे 'लाइफ, द युनिव्हर्स अँड एव्हरीथिंग' वाचावे. चौथे पुस्तक, म्हणजे १९८४ चे 'सो लाँग, अँड थँक्स फॉर ऑल द फिश', बहुतांशी पृथ्वीवरच घडते आणि ती मुख्यतः मालिकेचा नायक आर्थर डेंट याची प्रेमकथा आहे. तिचा हळुवार सूर मला फार प्रिय आहे, परंतु आर्थरची आधीची सारी वणवण ठाऊक असल्याशिवाय तो मनाला भिडत नाही, आणि क्रम न मोडण्याचे माझ्या दृष्टीने हेच सर्वांत मोठे कारण आहे. १९९२ चे 'मोस्टली हार्मलेस' बरेच उदास असल्यामुळे ते थोड्या अवकाशानंतर वाचावे. ॲडम्स यांच्या निधनानंतर ओवेन कोल्फर यांनी लिहिलेले २००९ चे सहावे पुस्तक ऐच्छिक समजावे.