तंबाखू-सिगारेट कधीच घेतली नाही, तरी एचपीव्हीमुळे घशाचा कॅन्सर होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. पण एचपीव्हीचा (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, मुख्यतः लैंगिक संबंधांतून, घशात बहुधा मुखमैथुनातून पसरणारा विषाणू) संसर्ग झाला म्हणजे कॅन्सर होणारच, असं अजिबात नाही. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणांत मात्र तो, विशेषतः त्याचा १६ नंबरचा प्रकार, टॉन्सिलच्या खाचांमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी ठाण मांडून बसतो. तिथे त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशींच्या वाढीला लगाम घालणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिनं निकामी करतात. संसर्गापासून गाठ होईपर्यंत अनेकदा काही दशकं जातात, त्यामुळे "कुणाकडून आला?" हे शोधत बसू नका, जोडीदारावर संशय तर मुळीच घेऊ नका. कान-नाक-घसा विभागात काम करते म्हणून एक कळकळीने सांगते: मानेत न दुखणारी गाठ हे बऱ्याचदा पहिलं लक्षण असतं, घसा अगदी ठीक वाटत असतानाही. ती किंवा यापैकी काही दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तज्ज्ञांना दाखवाच:

- एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा दिसणं
- गिळताना त्रास
- एकाच कानात दुखणं

बायोप्सीत (गाठीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कॅन्सर निघालाच, तर त्याच तुकड्यावर पी१६ तपासणी होते; कॅन्सर एचपीव्हीमुळे झाला असावा का, याचा अंदाज तिच्यावरून येतो. ती पॉझिटिव्ह आली तर हा कॅन्सर तंबाखूमुळे होणाऱ्या कॅन्सरपेक्षा उपचारांना सहसा चांगला प्रतिसाद देतो. सिगारेट ओढणाऱ्यांत हा फायदा कमी होतो. एचपीव्हीची लस संसर्गाआधी घेतली तरच खरी उपयोगी, आणि ती मुलग्यांनाही द्यावी. आधीच झालेला संसर्ग तिने बरा होत नाही.