वावरातली माती कुंडीत का रुसते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरात, छपरीत, खिडकीत ठेवायच्या कुंड्यांच्या सेंद्रिय मातीबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या उत्तरात मूळ मिश्रण सविस्तर आहे. बाकीच्यांनीही आधी ते वाचावं.

प्रश्न : वावरातली काळी माती निम्मी आणि शेणखत निम्मं मिसळून मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि पुदिना घरात लावला. दीड महिन्यात पुदिना बुडातून सडला, मनी प्लांट पिवळा पडला. याच मातीत आमचा कापूस छातीएवढा होतो. कुंडीतच काय बिघडतं? पेरलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) सांगतात, ते इकडे मिळत नाही. (तालुका दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : भाऊ, माती चांगलीच आहे, पण तिची जागा बदलली. वावरात काळ्या मातीखाली आणखी कितीतरी माती असते, ती वरचं पाणी खाली ओढते. उन्हाळ्यात भेगा पडून हवा खोलवर जाते. दहा इंची कुंडीत यातलं काहीच घडत नाही. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त असतं. भिजली की ती फुगते, हवेच्या पोकळ्या बुजतात आणि मुळं गुदमरतात. घरात ऊन-वारा कमी, त्यामुळे आठ-आठ दिवस ती ओलीच राहते. पुदिना तिथेच सडला.

वाळली की त्रास उलटा. माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि बोटभर फट पडते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट ताटलीत उतरतं. आपल्याला वाटतं पोटभर पाणी दिलं, पण मधला गोळा दगडासारखा कोरडाच असतो. अशी कुंडी पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास ठेवून खालून भिजवावी लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. भोक कितीही मोठं असलं तरी कुंडीच्या तळाचा थोडा थर पाणी धरूनच ठेवतो. भांडी घासायचा चपटा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, थेंब थांबू द्या, मग तोच उभा करा. पुन्हा पाणी गळेल. उंची वाढली की जास्त पाणी निथळतं, म्हणून घरातल्या झाडांना उथळ कुंडीपेक्षा उभी कुंडी बरी. तळाला मुरूम किंवा गिट्टीचा थर देण्याची रीत सगळीकडे आहे, पण ती सोडा. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत लवकर उतरत नाही. ओला थर तसाच राहतो, फक्त खड्यांच्या उंचीइतका मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर कवेलूचा (छपराच्या कौलाचा) एक तुकडा पालथा ठेवला की पुरे.

आता मिश्रण. एक घमेलं माप म्हणून ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

काळी माती, वाळवून फोडून गव्हाच्या चाळणीने चाळलेली : २ घमेली
धुतलेलं कोकोपीट : ३ घमेली
गांडूळखत, किंवा वर्षभर मुरलेलं चाळलेलं शेणखत : २ घमेली
कवेलूचा किंवा पक्क्या विटेचा चुरा : ३ घमेली
निंबोळी ढेप (पेंड) : दर १० लिटर मिश्रणाला ५० ग्रॅम, त्याहून जास्त नाही

ही १० घमेली मिसळल्यावर साडेआठच्या आसपास भरतील, कारण बारीक माल जाड मालाच्या फटीत बसतो. कुंड्यांचा हिशेब त्यावरून करा.

पेरलाइटचं काम कवेलू करतं. गावात छपरं उतरवून टिन टाकलेल्या घरांमागे फुटक्या कवेलूंचा ढीग सापडतोच. पोत्यात घालून हातोडीने फोडा. ज्वारीच्या दाण्यापासून मोठ्या हरभऱ्याएवढे तुकडे ठेवा, लाल पूड चाळून बाहेर काढा. पूड राहिली तर तीच पोकळ्या बुजवते आणि सगळी मेहनत वाया जाते. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, म्हणून तुकडा थोडं पाणी धरतो आणि दोन तुकड्यांमध्ये हवाही राहते. चुना-सिमेंट चिकटलेले तुकडे घेऊ नका. नदीची बारीक वाळू हे काम करत नाही. काळ्या मातीत ती मिसळली की कोरडं झाल्यावर गिलाव्यासारखं घट्ट होतं.

कोकोपीटची ५ किलोची वीट २५ लिटर पाण्यात भिजवली की साधारण ६० ते ७० लिटर भुसा होतो. त्यात मीठ असू शकतं, म्हणून गोणपाटात बांधून दोन-तीन वेळा चांगल्या पाण्याने धुवा. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं, ते फिकट होईपर्यंत धुवत राहा.

गांडूळखत मुरलं की नाही हे मेथीचे दाणे सांगतात. एका वाटीत ओलं खत, दुसरीत धुतलेली वाळू, दोन्हींत दहा-दहा दाणे टाका. पाचव्या दिवशी खतात वाळूपेक्षा दोन-तीन कोंब कमी असतील किंवा मुळांची टोकं तपकिरी असतील तर खत कच्चं आहे. तुमच्या निम्म्या शेणखताने हाच घोळ केला असणार. कच्चं शेण कुंडीतच कुजत राहतं, अमोनिया सोडतं, आणि कुजता कुजता माती चार बोटं खाली बसते.

सगळं ताडपत्रीवर कोरडंच मिसळा. नाकातोंडाला रुमाल बांधा, ही धूळ छातीला बरी नाही. मग झारीने पाणी शिंपडत दोन-तीनदा पालटा. मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, बोटांतून एखादा थेंब यावा आणि अंगठ्याने टिचकी मारताच गोळा फुटावा. ओल्या गोणपाटाखाली सावलीत तीन आठवडे ठेवा, आठवड्यातून एकदा पालटा. ढेपेमुळे पहिल्या आठवड्यात ढीग आतून कोमट लागेल, वर पांढरी बुरशी दिसेल, दोन्ही ठीक आहे. नाकाला झोंबणारा वास आला तर अजून थांबा. सडक्या अंड्याचा वास आला तर ढीग फार ओला आहे, पसरून वाळवा.

झाड लावण्याआधी एक कुंडी नुसत्या मिश्रणाने भरून दोन लिटर पाणी ओता. मिनिटभरात पाणी खालून यायला हवं. वर डबकं साचून राहिलं तर एक घमेलं कवेलू वाढवा. स्नेक प्लांटसाठी काळी माती १ आणि कवेलू ४ करा. पुदिन्याला वरचंच प्रमाण चालेल, पण रोज चार तास तरी ऊन लागणारी खिडकी हवी. ऊन नसेल तर कोणतीही माती पुदिना वाचवणार नाही.

प्रश्न : व्हिडिओत सांगतात की सेंद्रिय मिश्रणात चुना किंवा डोलोमाइट, अंड्याची टरफलं, चुलीची राख आणि हाडांचं खत घालावं. मी सगळं घातलं. कढीपत्त्याची नवी पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या. (तालुका वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, त्या कृती पीट मॉसच्या, म्हणजे परदेशी दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या भुशाच्या आहेत. पीट मॉसचा सामू (पीएच) ४ च्या आसपास, म्हणजे फार आम्ल असतो. तो वर आणायला तिथे चुना लागतो. आपल्या काळ्या मातीचा सामू आधीच साडेसात ते साडेआठ, वर बहुतेक ठिकाणी चुनखडीचे खडे. त्यात चुना, राख, टरफलं घालणं म्हणजे खारट भाजीत आणखी मीठ. हाडांच्या खतातला स्फुरद सामू ७ च्या वर गेला की फारसा विरघळत नाही, तेव्हा तो खर्चही वाचवा.

तुमच्या कढीपत्त्याला लोहाची कमतरता आहे. लोह मातीत असतं, पण चढ्या सामूमुळे मुळांना मिळत नाही. नत्र कमी असेल तर जुनी, खालची पानं आधी सबंध पिवळी होतात. इथे नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत, म्हणून आणखी ढेप घालू नका. पावसाळ्याच्या तोंडाशी झाड काढून, मुळांभोवतीची मोकळी होईल तेवढी माती हलक्या हाताने झाडून, राख-चुन्याशिवायच्या मिश्रणात लावा. तोवर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस पाहा. हिराकस हे खनिज आहे, सेंद्रिय नाही. ते नको असेल तर नुसती माती बदलूनही झाड सुधारतं, पण नवी पालवी येईपर्यंत धीर धरावा लागतो. जुन्या पिवळ्या पानांकडून आशा ठेवू नका.

प्रश्न : कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर येतो, पानांची टोकं करपतात. आम्ही आरओचं वाया जाणारं आणि कूलरचं उरलेलं पाणी झाडांना देतो. (तालुका तेल्हारा, जि. अकोला)

उत्तर : पाणी वाचवायची तुमची तळमळ योग्य आहे, पण कुंड्यांसाठी नेमकी हीच दोन पाणी सगळ्यात वाईट. आरओ यंत्र चांगलं पाणी वेगळं करतं आणि क्षार उरलेल्या पाण्यात सोडतं. कूलरमध्ये पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं, आणि आपण दिवसभर त्यात नवं पाणी भरत असतो. मे महिन्यात त्या टाकीच्या कडेला जो पांढरा खर जमतो, तोच तुमच्या कुंडीत उतरतो आहे. त्यात तेल्हारा खारपाणपट्ट्यात, म्हणजे मूळ पाण्यातच क्षार. वावरात पावसाळ्यात ते धुऊन तरी निघतात, घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही.

वरचा बोटभर थर खरवडून फेकून द्या. मग कुंडीच्या मापाच्या तिप्पट गोडं पाणी, म्हणजे ७ लिटरच्या कुंडीला २१ लिटर, तासाभरात थोडं थोडं ओता आणि खालून निघणारं पाणी ताटलीत राहू देऊ नका. छपराच्या पन्हाळीचं पावसाचं पाणी यासाठी उत्तम. पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्या, मग टिपाडात भरा आणि झाकून ठेवा, नाहीतर डास होतील. एसीच्या नळीतून गळणारं पाणी मात्र चालतं, त्यात क्षार नसतात.

प्रश्न : आमच्याकडे कोकोपीट महाग पडतं. राइस मिलमधून तूस आणि राख फुकट मिळते. तेच वापरलं तर? (तालुका साकोली, जि. भंडारा)

उत्तर : तूस वापरा, पण कोकोपीटच्या जागी नाही, कवेलूच्या जागी. तूस हवा देतो, पाणी धरत नाही. दहा घमेल्यांत दोनपर्यंत घ्या. त्यात राहिलेले धानाचे दाणे उगवतात, म्हणून ढीग आधी आठ-दहा दिवस ओला ठेवा, कोंब आले की पालटून मोडा. तुसात सिलिका जास्त, त्यामुळे तो सावकाश कुजतो आणि वर्षभर तरी कामाला येतो.

बॉयलरची करडी-पांढरी राख नको. ती फार बारीक असते, पोकळ्या बुजवते, वर सामूही चढवते. त्यापेक्षा तूस काळा जाळून घ्या. पिप्याला चहूबाजूंनी खिळ्याने भोकं पाडून आत विस्तव ठेवा, वर पाइपाचं धुराडं बसवा, भोवती तुसाचा ढीग लावा. आतून काळा होत येतो तसा फावड्याने वरचा आत ओढा. सगळा काळा झाला, पण अजून राख झालेली नाही, त्या क्षणी भरपूर पाणी मारा. उशीर झाला तर हातात राखच उरते. विझला असं वाटलं तरी रात्रभर घराजवळ किंवा गोठ्याजवळ ठेवू नका, आत निखारा धुमसत राहतो. पाण्याने एकदा धुऊन दहात एक घमेलं वापरा.

कोकोपीटच्या जागी पानांचं खत घ्या. अंगणातला पालापाचोळा खड्ड्यात ओला ठेवून आठ ते बारा महिन्यांत चहापत्तीसारखा भुरभुरीत होतो. सागाची जाड पानं आधी चुरून टाका, नाहीतर ती एकमेकींवर पापडासारखी चिकटून बसतात.

प्रश्न : घरातल्या कुंड्यांतून बारीक काळी चिलटं उडतात. आम्ही दर आठवड्याला जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) देतो. (तालुका आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : जीवामृत वावरासाठी ठीक आहे, बंद खोलीत त्यातला गूळ आणि बेसन चिलटांना आमंत्रण देतात. ते थांबवा. त्याऐवजी महिन्यातून एकदा एक भाग गांडूळखत दहा भाग पाण्यात रात्रभर ठेवून, गाळून द्या. चिलटांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात बुरशी आणि कोवळी मुळं खातात, म्हणून वरची दोन बोटं माती वाळल्याशिवाय पाणी देऊ नका आणि पाणी खालून द्या. वर बोटभर धुतलेली जाड रेती पसरा. उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट कागद. तीन-चार आठवडे नेटाने केलं तर त्यांची पिढी तुटते.

प्रश्न : झाड मेलेल्या कुंडीची माती फेकून द्यायची का? (तालुका चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : आधी मुळं पाहा. त्यांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत) आहेत. ती माती दुसऱ्या कुंडीत घालू नका, परसातल्या भाजीतही नको. गाठी नसतील तर आपल्या उन्हाचा उपयोग करा. मुळं आणि हुमणीच्या पांढऱ्या अळ्या चाळून काढा, माती ओली करून गच्चीवर वीतभर जाडीने पसरा आणि पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. एप्रिल-मे मध्ये चार ते सहा आठवडे, मध्ये एकदा पालटून. या उन्हात मातीतले उपयोगी जीवही कमी होतात, म्हणून नंतर चार घमेल्यांना एक घमेलं ताजं गांडूळखत आणि एक घमेलं कवेलूचा चुरा मिसळा, दोन आठवडे सावलीत ओलसर ठेवा आणि मगच कुंडी भरा.