हवेची हलकी मॅट आणि पाठीखालची थंडी

तुम्ही लिहिले आहे की तुमची फुगवायची मॅट अतिशय हलकी आहे, स्लीपिंग बॅग शून्य अंशापर्यंतची आहे, वरून थंडी वाजत नाही, पण पहाटे कंबर आणि खांदे गार पडून जाग येते. आणि विक्रेत्याने त्यावर अधिक उबदार बॅग घ्यायला सांगितले आहे. हे वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हाच सल्ला मलाही मिळाला होता आणि तो मला फार महागात पडला. कृपया बॅग बदलू नका. बॅगेचा जो भाग अंगाखाली दबतो त्यातली हवा निघून जाते आणि ऊब धरण्याच्या दृष्टीने तो जवळपास निकामी होतो. खालची थंडी अडवणे हे मॅटचे काम आहे. बॅगेवर छापलेले प्रमाणित तापमानसुद्धा खाली चांगली उष्णतारोधक मॅट आहे असे धरूनच काढलेले असते.

माझ्या मॅटमध्ये कृत्रिम तंतूंचा एक पातळ थर होता आणि काही काळाने तिची डावी बाजू उजवीपेक्षा स्पष्टपणे गार लागू लागली. मी उत्पादकाच्या ग्राहक सेवा विभागाकडे तक्रार केली. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांनी मॅट मागवून घेतली, फुगवून पाण्यात बुडवली, बुडबुडे आले नाहीत म्हणून 'दोष आढळला नाही' असा शेरा मारला आणि परत पाठवली. हवा गळते अशी माझी तक्रारच नव्हती. पुन्हा लिहिले तेव्हा दुसऱ्याच कोणीतरी उत्तर दिले, मॅटच्या पिशवीवर छापलेले तापमान मलाच वाचून दाखवले आणि बॅग अपुरी पडत असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांच्या सांगण्यावरून जाड बॅग घेतली, तर वरून घाम आणि खालून तोच गारठा. अखेर अंधाऱ्या खोलीत फुगवलेल्या मॅटखाली हेडटॉर्च धरला तेव्हा उलगडा झाला. उजवीकडे प्रकाश धूसर आणि सारखा पसरत होता, डावीकडे मात्र आतले जोड लख्ख दिसत होते आणि त्यांच्या कडेला तंतूंचा गोळा काळसर पट्ट्यासारखा जमला होता. आतला थर डिंक सोडून सरकला होता. हे फोटो पाठवले तेव्हा उत्तर आले की हमीची मुदत संपली आहे. ती मुदत त्यांच्याच पत्रव्यवहारात संपली, याचा राग आजही गेलेला नाही. तुमच्या मॅटमध्ये तंतूंचा थर असेल तर ही तपासणी आजच करा. चंदेरी पडदे असलेल्या मॅटमध्ये मात्र ती उपयोगी पडत नाही.

पिशवीवरच्या तापमानापेक्षा आर-व्हॅल्यू, म्हणजे मॅट उष्णता किती अडवते हे सांगणारा आकडा, विचारा (आकडा जितका मोठा तितकी मॅट उबदार), आणि ती एएसटीएम एफ3340 या मोजणीच्या मानकानुसार मोजलेली आहे का हेही विचारा. हे मानक 2018 मध्ये आले. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजत असे, त्यामुळे जुन्या मॅटच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आत काहीही नसलेल्या हवेच्या मॅटची आर-व्हॅल्यू 1 च्या आसपासच असते, मग ती कितीही जाड असो, कारण तुम्ही कूस बदलता तशी आतली हवा ढवळली जाते आणि वरच्या कापडाची उष्णता प्रारणाने थेट खालच्या गार कापडाकडे जाते. शून्याच्या आसपासच्या रात्रींसाठी साडेतीन ते चार तरी हवी, असे माझे मत आहे.

सुदैवाने दोन मॅट एकावर एक ठेवल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. म्हणून उपाय एकच, तो म्हणजे क्लोज्ड-सेल फोम, म्हणजे बंद बुडबुड्यांचा, फुगवावा न लागणारा फोम. ढोबळ हिशेबाने 3 मिलिमीटर जाडीचा फोम सुमारे 0.45 देतो आणि 10 मिलिमीटरची कॅरीमॅट (गुंडाळून नेण्याची फोमची मॅट) दीडच्या जवळ पोहोचते. पातळ फोमचा पूर्ण लांबीचा तुकडाही साधारण 80 ते 100 ग्रॅमच भरतो. फोम वर ठेवायचा की खाली, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. कागदावरची बेरीज दोन्हीकडे सारखीच येते, पण मला तो वर ठेवल्यावर नेहमीच अधिक उबदार वाटले आहे, विशेषतः कुशीवर झोपताना, कारण तेव्हा कंबरेचे हाड मॅटमध्ये रुतते आणि तिथली हवेची जाडी फार कमी होते. जमीन काटेरी किंवा खडीची असेल तर मात्र फोम खालीच घाला. पंक्चर झालेली मॅट मुळीच ऊब देत नाही.

चंदेरी आपत्कालीन ब्लँकेट मॅटखाली अंथरण्याचा सल्ला तुम्हाला मिळेलच. चकचकीत पृष्ठभाग उष्णता परतवतो तो त्याच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच. जमीन आणि मॅट यांच्यात चेपलेला चंदेरी कागद जवळजवळ काहीच करत नाही, आणि तोच अंगाखाली घेतला तर घाम साचतो. व्हॉल्व्हमधून पिसे किंवा कापूस आत कोंबण्याचा उद्योगही करू नका. एक पीस व्हॉल्व्हमध्ये अडकले तरी रात्रभर हवा गळत राहते. मॅट तोंडाने फुगवण्याऐवजी पंप-पिशवी वापरा, कारण श्वासातली वाफ आत साचते आणि पिसांच्या मॅटचे तर त्याने कायमचे नुकसान होऊ शकते. संध्याकाळी फुगवलेली मॅट रात्री मऊ पडली म्हणजे ती गळतेच असे नाही. तापमान 25 वरून 0 अंशांवर आले की आतली हवा सुमारे 8 टक्क्यांनी आकसते, म्हणून झोपण्यापूर्वी पुन्हा थोडी हवा भरा.

हे सर्व शून्याच्या थोडे खाली-वर असलेल्या तापमानाबद्दल आहे. बर्फावर झोपायचे असेल तर पातळ तुकड्यावर विसंबू नका, पूर्ण जाडीची कॅरीमॅट आणि उष्णतारोधक हवेची मॅट अशा दोन्ही न्या. शिवाय थंडी प्रत्येकाला वेगळी लागते, त्यामुळे माझा साडेतीनचा आकडा तुम्हाला कमी पडू शकतो. पहिली चाचणी अशा ठिकाणी घ्या जिथून मध्यरात्री उठून घरात जाता येईल. वजन फारच वाचवायचे असेल तर फोम खांद्यापासून मांड्यांपर्यंतच कापा आणि पायांखाली रिकामी सॅक घाला. कापताना रुंदी मॅटपेक्षा थोडी कमी ठेवा, नाहीतर कडा बाहेर लोंबतात आणि कूस बदलताना अख्खा तुकडा अंगाखालून निसटतो.