सिंपल प्रेझेंट टेन्स नेमका कधी वापरायचा? आणि ही-शी आलं की क्रियापदाला एस का लागतो?

सिंपल प्रेझेंटचा 'आत्ता'शी फारसा संबंध नाही, एवढं आधी डोक्यात बसवा.

हे मला नववीतच कळलं होतं आणि त्यापायी माझे 2 मार्क गेले. चाचणीत गाळलेली जागा होती: 'द ट्रेन डॅश अ‍ॅट सिक्स टुमॉरो', कंसात लीव्ह. मी 'लीव्ज' भरलं. सरांनी लाल फुली मारली, वर पेपर सगळ्या वर्गाला दाखवला. "टुमॉरो दिसत नाही का रे? उद्या म्हणजे भविष्यकाळ. विल लीव्ह!" मी चाचरत म्हटलं, सर, गाडीची वेळ ठरलेली असते ना, म्हणून... "आता तू शिकवणार मला?" वर्ग हसला. दहावी संपेपर्यंत पोरं मला 'लीव्ज' म्हणूनच हाक मारायची.

तर सर, ऐका. वेळापत्रकात बांधलेली गोष्ट उद्याची असली तरी इंग्रजीत ती सिंपल प्रेझेंटमध्येच बसते. गाडी लीव्ज, परीक्षा स्टार्ट्स. 'इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल स्टे होम' यातला पाऊसही उद्याचाच आहे, पण तिथे 'इफ इट विल रेन' लिहिलं की चूक. सरांच्या लेखी हे सगळे 'अपवाद'. इतके अपवाद निघत असतील तर नियमच तपासायला हवा, नाही का?

बाकी सवयी, कायमच्या गोष्टी, आवडीनिवडी हे तुम्हाला माहीतच असेल. 'काय करतोस?' आणि 'काय करतोयस?' यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. 'व्हॉट डू यू डू' आणि 'व्हॉट आर यू डूइंग' यांत बराचसा तोच आहे. आपण फसतो ते दुसरीकडे. 'थांब, मी सांगतो' याचं 'वेट, आय टेल यू' होत नाही, तिथे 'आय विल टेल यू' लागतं. आणि कृपा करून 'आय अ‍ॅम नोइंग' म्हणू नका.

एसचं म्हणाल तर जुन्या इंग्रजीत आय, यू, ही सगळ्यांनाच वेगवेगळे प्रत्यय होते. बाकीचे झिजले, ही-शी-इटचा तेवढा उरला. पाठ करा. डझ आला की तो एस डझकडे जातो, म्हणून 'शी डझण्ट गोज' चूक.

हो, एक राहिलंच. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत 'ही बोल्स, ही हिट्स' म्हणतात ते अगदी आत्ताचंच असतं, त्यामुळे माझं पहिलं वाक्य तंतोतंत खरं नाही. 'विल लीव्ह'ही चूक नाही म्हणा. पण मग दोन्हींना मार्क द्यायचे होते!

परीक्षेत असा प्रश्न आला तर बिनधास्त 'लीव्ज' लिहा. फुली पडली तर व्याकरणाचं पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये जा. मी गेलो नव्हतो.